न झालेल्या गोलांचा हिशेब

१७ मार्च २०१९. अंधेरीच्या मुंबई फुटबॉल अरीनामध्ये इंडियन सुपर लीगचा अंतिम सामना जादा वेळेत गेला होता. बंगळुरू एफसी आणि एफसी गोवा, दोघांच्याही नावावर गोल नव्हता. ११७ व्या मिनिटाला कॉर्नर मिळाला, मुंबईच्या राहुल भेके या बचावपटूने उडी घेऊन चेंडूला डोकं लावलं आणि बंगळुरूने पहिल्यांदा आयएसएल जिंकली. आजही भेकेचं नाव निघालं की तो हेडर निघतो. त्या रात्री गोव्याकडून फेरान कोरोमिनास खेळत होता. त्या मोसमात १६ गोल करून तो साऱ्या लीगमध्ये पहिला आला होता. अंतिम सामन्यात त्याला एकही गोल मिळाला नाही. हे काम भेके आणि त्याच्या जोडीच्या बचावपटूंनी केलं होतं. पण त्याची आठवण कोणी काढत नाही, कारण त्यात पुन्हा पुन्हा पडद्यावर दाखवावं असं काही घडलंच नव्हतं.

भारताच्या सर्वांत नावाजलेल्या बचावपटूचंही तेच झालं आहे. जर्नेलसिंग धिल्लाँ म्हटलं की १९६२ चं जकार्ता एशियाड आठवतं. साखळी सामन्यात त्यांच्या डोक्याला मार लागून टाके पडले. मागे उभं राहून हवेतले चेंडू डोक्याने परतवणं अवघड झालेलं, म्हणून प्रशिक्षक सय्यद अब्दुल रहीम यांनी त्यांना थेट आघाडीला उभं केलं. जर्नेलसिंगांनी उपांत्य सामन्यात दक्षिण व्हिएतनामविरुद्ध गोल केला, अंतिम सामन्यात दक्षिण कोरियाविरुद्धही केला, आणि भारताने २-१ असं सुवर्ण जिंकलं. मोहन बागानसाठी वर्षानुवर्षं स्टॉपर बॅक म्हणून केलेली चाकरी एका बाजूला आणि टाके घातलेल्या डोक्याने खेळलेले ते दोन सामने दुसऱ्या बाजूला. लोकांच्या तोंडी दुसरी बाजूच राहिली.

कबड्डीत असं होत नाही. चढाईपटूला पकडलं की बचाव करणाऱ्या संघाला गुण मिळतो, कोपरारक्षकाच्या नावापुढे पकडींचा आकडा लिहिला जातो आणि तो आकडा घेऊन तो लिलावात उभा राहतो. फुटबॉलच्या गोलफलकावर पकडीचा रकाना नाही. बचावपटूचं नाव तिथे चढतं ते दोनच वेळा: त्याने गोल केला तर, किंवा स्वतःच्याच जाळ्यात चेंडू घातला तर. अशा माणसाची कारकीर्द मोजायची कशी, ती किती टिकते, तिची किंमत कोण ठरवतो आणि ती किंमत पुढे शरीराच्या कोणत्या भागातून वसूल होते, हे प्रश्न फुटबॉलमध्ये दीडशे वर्षं पडून आहेत. माझं म्हणणं एवढंच आहे की या खेळाने बचावपटूंच्या चुका बारकाईने मोजल्या, त्यांचं काम ढोबळ मोजलं आणि त्यांनी शरीराने मोजलेली किंमत अगदी अलीकडे मोजायला घेतली.

बचावपटू ही जागाच मुळी नियमांनी घडवलेली आहे. १९२५ पर्यंतच्या ऑफसाइडच्या नियमाप्रमाणे आक्रमक खेळाडू आणि गोलरेषा यांच्यामध्ये प्रतिस्पर्ध्यांचे तीन खेळाडू असणं आवश्यक होतं. न्यूकॅसलचा फुल-बॅक बिल मॅकक्रॅकन याने या नियमाचा असा वापर केला की समोरच्यांना खेळताच येईना. तो दोन पावलं पुढे सरकायचा आणि समोरचा ऑफसाइड. प्रेक्षक वैतागले, सामने मैदानाच्या मधल्या पट्ट्यात अडकले, शेवटी १९२५ मध्ये तीनचे दोन झाले. इंग्लंडच्या पहिल्या विभागात आदल्या मोसमात ११९२ गोल झाले होते, पुढच्या मोसमात १७०३ झाले. एका बचावपटूच्या हुशारीमुळे जागतिक खेळाचा नियम बदलावा, याहून मोठी पावती मला सुचत नाही. पण ती पावती दंडाच्या रूपात आली. त्यावर आर्सेनलच्या हर्बर्ट चॅपमन यांनी मधल्या फळीतला सेंटर-हाफ ओढून दोन फुल-बॅकच्या मध्ये आणला. आपल्याकडे आजही ज्याला स्टॉपर म्हणतात, त्याचा जन्म हा असा झाला.

या स्टॉपरला एक काम दिलं होतं: समोरचा नऊ नंबर जाईल तिथे जायचं. १९५३ मध्ये हंगेरीने वेम्बलीवर येऊन ही व्यवस्था उघडी पाडली. हंगेरीचा नऊ नंबर हिदेगकुटी पुढे थांबलाच नाही, मधल्या फळीत मागे उतरून खेळला. इंग्लंडचा हॅरी जॉन्स्टन त्याच्यामागे जावं की जागा धरावी या पेचात अख्खा सामना राहिला. इंग्लंड सामना ६-३ असा हरला. माणूस राखायचा की जागा राखायची, हा बचावाचा मूळ प्रश्न त्या दुपारी सर्वांसमोर आला आणि पुढची पन्नास वर्षं त्याचीच उत्तरं शोधण्यात गेली. मिलानच्या इंटर संघात हेलेनियो हेरेरा यांनी माणूस राखणाऱ्यांच्या मागे एक मोकळा खेळाडू ठेवला, लिबेरो; १९६४ आणि १९६५ चे युरोपियन कप त्यांनी या कुलूपबंद पद्धतीवर जिंकले. फ्रान्झ बेकेनबाउर यांनी तोच मोकळा खेळाडू मागून पुढे चालायला लावला आणि बचावपटू हा डाव सुरू करणारा माणूस ठरला.

खरा पालट १९८७ नंतर एसी मिलानमध्ये अरिगो साक्की यांनी घडवला. त्यांनी सांगितलेली एक गोष्ट प्रसिद्ध आहे. रूड खुलित आणि मार्को व्हान बास्टेन यांना पद्धतशीर खेळाचं महत्त्व पटेना, तेव्हा साक्कींनी एका बाजूला गोलरक्षक आणि टासोटी, कोस्टाकुर्टा, बारेसी, मालदिनी हे चार बचावपटू उभे केले आणि दुसऱ्या बाजूला दहा जण. दहा जणांनी १५ मिनिटांत एक गोल करून दाखवायचा. चेंडू गमावला की पुन्हा आपल्या हद्दीतून सुरुवात करायची. गोल झाला नाही. पुन्हा पुन्हा खेळूनही झाला नाही. पाच माणसं एकाच दोरीला बांधल्यासारखी सरकतात तेव्हा दहा जणांना वाट मिळत नाही, याचा तो धडा होता. याच बचावफळीने साक्की गेल्यावर फाबिओ कापेलो यांच्या हाताखाली १९९३-९४ च्या इटालियन लीगमध्ये ३४ सामन्यांत फक्त १५ गोल स्वीकारले. मिलानने स्वतः केले होते अवघे ३६, तरी विजेतेपद त्यांचंच. आकड्यांत बचावाची इतकी स्वच्छ साक्ष क्वचित सापडते.

१९९२ मध्ये आलेला बॅक-पासचा नियम मात्र इथे विसरता येत नाही. गोलरक्षकाकडे पायाने दिलेला चेंडू त्याला हातात घेता येणार नाही असं ठरलं आणि अडचणीत चेंडू मागे देऊन श्वास घेण्याची बचावपटूची सोय गेली. ज्याला पायात चेंडू ठेवून डोकं वर करून पाहता येत नाही, त्याची जागा त्या वर्षापासून आक्रसत गेली. आजच्या सेंटर-बॅककडून पूर्वीच्या मिडफिल्डरएवढ्या पासांची अपेक्षा असते. फुल-बॅक तर विंगर आणि मिडफिल्डर यांच्यामध्ये कुठेतरी हरवून गेला आहे.

आता काळाचा हिशेब. आघाडीवीराची पहिली पाच पावलं मंदावली की त्याची उतरण लागते. सेंटर-बॅकचं तसं नाही. त्याचा वेग जातो तसतशी त्याची नजर येते, आणि नजर आली की पावलं कमी टाकावी लागतात. पाओलो मालदिनी हे याचं सर्वांत पूर्ण उदाहरण. २० जानेवारी १९८५ रोजी, वयाच्या सोळाव्या वर्षी, उदिनेझेविरुद्ध मिलानसाठी पहिला सामना. शेवटचा ३१ मे २००९ रोजी. मध्ये एकाच क्लबसाठी ९०२ अधिकृत सामने, सात लीग विजेतेपदं, पाच युरोपियन कप. उजव्या पायाचा हा मुलगा डाव्या बगलेवर खेळत मोठा झाला आणि पुढे मध्यभागी आला. बगलेवर धावावं लागतं, मध्यभागी वाचावं लागतं. शरीराने जे हळूहळू सोडलं ते त्यांनी समजेने भरून काढलं, म्हणूनच २००७ मध्ये, वयाच्या अडतिसाव्या वर्षी, ते युरोप जिंकणाऱ्या संघाचे कर्णधार होते. त्यांचे वडील चेझारे हेही मिलानचे बचावपटू. १९६३ मध्ये याच क्लबचे कर्णधार म्हणून त्यांनी युरोपियन कप उचलला होता. ४० वर्षांनी, २००३ मध्ये, मुलाने तो उचलला.

मालदिनींचं वैशिष्ट्य असं की त्यांना मातीत लोळताना फारसं पाहिलं गेलं नाही. घसरून टॅकल करावा लागतो तेव्हा त्याआधीची उभं राहण्याची जागा चुकलेली असते, हे त्यांच्या खेळातून दिसायचं. पण प्रेक्षकांना टॅकल आवडतो, टाळ्या त्यालाच पडतात, आणि मोजणाऱ्यांनीही बरीच वर्षं टॅकलच मोजले. वयाचा अंदाजही असाच चुकतो. २००१ मध्ये मँचेस्टर युनायटेडने याप स्टॅमला लाझिओला विकलं. तो २९ वर्षांचा होता. प्रशिक्षक अॅलेक्स फर्ग्युसन यांनी पुढे ही आपली चूक असल्याचं मान्य केलं. स्टॅम त्यानंतर इटलीत आणि हॉलंडमध्ये सहा वर्षं खेळला, २००५ चा चॅम्पियन्स लीगचा अंतिम सामना मालदिनींसोबत एकाच बचावफळीत खेळला. पोर्तुगालचा पेपे २०२४ च्या युरो स्पर्धेत ४१ व्या वर्षी उतरला. २०२१ ची युरो स्पर्धा इटलीने जिंकली तेव्हा कियेलिनी ३६ वर्षांचा होता आणि बोनुची ३४ चा. तिशी ओलांडलेला सेंटर-बॅक उताराला लागला असं धरून चालणाऱ्या क्लबांनी या जोडीचा तो एक महिना नीट पाहावा.

उशिरा बहरण्याची दुसरी बाजू म्हणजे उशिरा ओळख. व्हर्जिल व्हान डाइक पोरवयात ब्रेडामध्ये एका उपाहारगृहात भांडी घासत होता. मोठ्या डच क्लबांनी त्याला उचललं नाही. ग्रोनिंगेन, मग स्कॉटलंडचा सेल्टिक, मग साउदॅम्प्टन अशी पायरी-पायरीने तो चढला. जानेवारी २०१८ मध्ये लिव्हरपूलने त्याच्यासाठी ७.५ कोटी पौंड मोजले तेव्हा तो २६ वर्षांचा होता आणि बचावपटूसाठी मोजलेली ती जगातली सर्वांत मोठी रक्कम होती. पुढच्याच वर्षी मँचेस्टर युनायटेडने हॅरी मग्वायरसाठी आठ कोटी दिले. म्हणजे बाजार जागा झाला आहे. पुरस्कार अजून झोपेत आहेत. १९५६ पासून दिल्या जाणाऱ्या बॅलन डी'ओरवर आजवर तीनच बचावपटूंची नावं आहेत: बेकेनबाउर (१९७२ आणि १९७६), माथियास झामर (१९९६) आणि फाबिओ कानावारो (२००६). त्यातले बेकेनबाउर आणि झामर हे मागून पुढे जाऊन खेळणारे लिबेरो. निव्वळ अडवण्यासाठी मिळालेला पुरस्कार एकच, कानावारोचा, तोही विश्वचषक जिंकल्यावर. त्या विश्वचषकात इटलीच्या जाळ्यात दोनच गोल गेले: एक स्वतःच्याच खेळाडूचा आणि दुसरा अंतिम सामन्यातली झिदानची पेनल्टी. चालत्या खेळात समोरच्या एकाही खेळाडूला गोल करू न देणं एवढं केल्यावर कुठे दार उघडलं. २०१९ मध्ये व्हान डाइकला ६७९ गुण मिळाले, मेस्सीला ६८६. मालदिनींना तर दोनदा तिसऱ्या क्रमांकावर समाधान मानावं लागलं. मला हे अन्यायाचं वाटतं, आणि मेस्सी-रोनाल्डोंचं मोठेपण पूर्ण मान्य करूनही वाटतं.

पुरस्कार देताना आखडता घेतलेला हात शिक्षेच्या वेळी मात्र सैल सुटतो. १९९४ च्या उन्हाळ्यात कॅलिफोर्नियातल्या पासाडेनाच्या रोझ बोल मैदानावर दोन बचावपटूंचं आयुष्य बदललं. २२ जूनला कोलंबियाचा आंद्रेस एस्कोबार अमेरिकेचा क्रॉस अडवायला घसरला आणि चेंडू त्याच्याच जाळ्यात गेला. कोलंबिया सामना हरला, स्पर्धेबाहेर पडला. दहा दिवसांनी मेडेयीनमध्ये एस्कोबारची गोळ्या घालून हत्या झाली. तो २७ वर्षांचा होता. तो घसरला नसता तर मागे अमेरिकेचा खेळाडू होता. जे करायला हवं होतं तेच त्याने केलं, फक्त चेंडूने पायावरून चुकीची दिशा घेतली. बचावपटूच्या धंद्यात योग्य निर्णय आणि सर्वनाश यांच्यात इतकंच अंतर असतं.

त्याच मैदानावर १७ जुलैला अंतिम सामना झाला. इटलीचा कर्णधार फ्रँको बारेसी स्पर्धेच्या दुसऱ्याच सामन्यात नॉर्वेविरुद्ध गुडघ्याच्या कूर्चेला दुखापत होऊन बाहेर गेला होता. शस्त्रक्रिया झाली आणि साडेतीन आठवड्यांत तो अंतिम सामन्यात उतरला. वय ३४. दुपारचं रणरणतं ऊन, समोर रोमारिओ आणि बेबेटो. १२० मिनिटं त्याने ब्राझीलला गोल करू दिला नाही. माझ्या मते बचावपटूने विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात केलेली ही सर्वश्रेष्ठ कामगिरी आहे. मग पेनल्टी आल्या, इटलीची पहिली पेनल्टी बारेसीने घेतली, ती बारवरून गेली. जगाला त्या दिवसातली आठवते ती बारेसीची आणि बाजिओची चुकलेली पेनल्टी. आपल्याकडे शैलेन मन्नांच्या बाबतीतही असंच झालं. १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये बहुतांशी अनवाणी खेळणाऱ्या भारताने फ्रान्सला झुंजवलं, दोन पेनल्टी वाया गेल्या, त्यातली एक मन्नांची, आणि सामना २-१ असा हातचा गेला. तीनच वर्षांनी त्याच मन्नांच्या नेतृत्वाखाली भारताने दिल्लीत पहिल्या आशियाई स्पर्धेचं सुवर्ण जिंकलं. मोहन बागान सोडून ते दुसरीकडे गेले नाहीत आणि पोटासाठी जिऑलॉजिकल सर्व्हे ऑफ इंडियात नोकरी करत राहिले.

अशी नोकरी भारतीय बचावपटूच्या कारकिर्दीचा कणा होती. मुंबईचं फुटबॉल तर त्यावरच उभं राहिलं. कूपरेजवर रोव्हर्स कप आणि हारवुड लीग खेळणारे संघ म्हणजे टाटा, कॅल्टेक्स, मफतलाल, ओर्के मिल्स, आरसीएफ, एअर इंडिया, महिंद्र. खेळाडू सकाळी सराव करायचा, नंतर हजेरी लावायचा आणि तिशीनंतर गुडघे गेले तरी कंपनीच्या वेतनपटावर असायचा. त्यात पैसा थोडा होता, पण साठीपर्यंतची शाश्वती होती. व्यावसायिक लीग आल्या, करारनामे आले, रकमा वाढल्या आणि ही शाश्वती निघून गेली. महाराष्ट्राकडे पाहा. २००५-०६ ची राष्ट्रीय लीग जिंकणारा महिंद्र युनायटेड २०१० मध्ये बंद झाला. पुणे एफसी गेला, मुंबई एफसी गेला, डीएसके शिवाजीयन्स गेला, एफसी पुणे सिटी गेला. गोव्याचे धेंपो, साळगावकर आणि स्पोर्टिंग क्लब हे तिन्ही जुने क्लब २०१६ मध्ये आय-लीगमधून बाहेर पडले. पाचदा राष्ट्रीय विजेता ठरलेला धेंपो काही वर्षांनी परतला, इतर दोघे नाही.

कोल्हापूरची गोष्ट वेगळी आणि जिवंत आहे. तिथे फुटबॉल तालमींचा आहे. पाटाकडील, खंडोबा, दिलबहार, बालगोपाल, शिवाजी तरुण मंडळ. शाहू स्टेडियमवर या संघांचे सामने असतात तेव्हा पेठांमधली माणसं गॅलरीत असतात. दणकट बॅक तिथे लहानपणापासून तयार होतो. पण पेठेचं प्रेम आणि व्यावसायिक करारनामा यांच्यामधला जिना तुटका आहे, कारण ज्या राज्यातल्या क्लबांनी ही मुलं उचलायची ते क्लबच एकामागून एक मिटत गेले.

संदेश झिंगनच्या कारकिर्दीत ही अस्थिरता स्वच्छ दिसते. चंदीगडचा हा मुलगा युनायटेड सिक्कीममधून पुढे आला, २०१४ मध्ये केरळ ब्लास्टर्सकडे गेला, मध्यंतरी पुण्याच्या डीएसके शिवाजीयन्सकडूनही खेळला. त्यातले सिक्कीम आणि पुण्याचे संघ राष्ट्रीय नकाशावरून पुसले गेले. २०१९ मध्ये गुडघ्याचा लिगामेंट तुटला, अख्खा मोसम गेला. २०२१ मध्ये तो क्रोएशियाच्या शिबेनिक क्लबमध्ये गेला, तर तिथे दुखापतीने सामनाच खेळू दिला नाही. तरीही तो परतला, बंगळुरू आणि मग गोव्यात स्थिरावला, भारताच्या बचावाचा आधार राहिला. जुलै २०२५ मध्ये लीगच्या व्यावसायिक हक्कांचा करार संपत आल्याने आयएसएलचा पुढचा मोसमच अनिश्चित काळासाठी थांबवण्यात आला आणि झिंगन, छेत्री यांच्यासारख्या खेळाडूंना आम्हाला खेळू द्या असं जाहीर आवाहन करावं लागलं. बत्तिशीतल्या बचावपटूचे असे महिने कुणी परत देत नाही. नजर वयाबरोबर येते हे खरं, पण ती मैदानावर येते, घरी बसून येत नाही.

मुलींच्या बाबतीत हा पाया आणखी कच्चा आहे. मणिपूरच्या आशालता देवीने वर्षानुवर्षं भारताच्या बचावाची आणि संघाची सूत्रं सांभाळली, पण तिच्या पिढीला मिळालेली राष्ट्रीय लीग काही आठवड्यांची असायची. महिला फुटबॉलमध्ये गुडघ्याच्या लिगामेंटच्या दुखापती पुरुषांपेक्षा अधिक होतात, त्यामुळे सावरण्याची व्यवस्था तिथे आधी हवी, आणि ती तिथे सर्वांत शेवटी पोहोचते.

शरीराकडे आता वळलंच पाहिजे. अन्वर अली २०१७ च्या १७ वर्षांखालील विश्वचषकात भारताचा सेंटर-बॅक होता. पुढच्या वर्षी अर्जेंटिनाच्या २० वर्षांखालील संघाला भारताने हरवलं तेव्हा त्याने फ्री-किकवर गोल केला. २०१९ मध्ये त्याला हृदयाच्या स्नायूंचा आजार असल्याचं निदान झालं. भारतीय फुटबॉल महासंघाने त्याला खेळण्यापासून रोखलं आणि एकोणीस-वीस वर्षांचा मुलगा दिल्ली उच्च न्यायालयात गेला. एका बाजूला मैदानावर कोसळण्याचा धोका, दुसऱ्या बाजूला त्याच खेळावर चालणारं घर. दोघांपैकी कोणाची बाजू चूक होती असं मला म्हणवत नाही. तो पुन्हा खेळायला लागला, मार्च २०२२ मध्ये भारताच्या मुख्य संघात आला आणि जूनमध्ये हाँगकाँगविरुद्ध दुसऱ्याच मिनिटाला गोल करून गेला.

गुडघ्यांची कहाणी जुनी आहे. आयर्लंडच्या पॉल मॅकग्राचे गुडघे असे होते की त्याला आठवडाभर सराव करता येत नसे; तो थेट सामन्याला उतरायचा. १९९३ मध्ये इंग्लंडमधल्या सहखेळाडूंनी त्याला वर्षाचा सर्वोत्तम खेळाडू निवडलं. टॉटनहॅमचा लेडली किंग असाच सराव न करता खेळत राहिला आणि ३१ व्या वर्षी थांबला. या दोघांच्या खेळात नजर किती आणि पाय किती हे लगेच कळतं. मात्र गुडघा दुखला की माणसाला कळतं, लंगडताना इतरांनाही दिसतं. डोक्याचं तसं नाही.

बचावपटूचं निम्मं आयुष्य चेंडूला डोकं लावण्यात जातं: गोलरक्षकाने लांब मारलेले चेंडू, क्रॉस, कॉर्नर, आणि सामन्याच्या कितीतरी पट सरावात. वेस्ट ब्रॉमविचचा जेफ अॅस्टल २००२ मध्ये ५९ व्या वर्षी वारला तेव्हा मृत्यूची चौकशी करणाऱ्या अधिकाऱ्याने तो व्यवसायामुळे झालेला आजार असल्याचं नोंदवलं. अॅस्टल आघाडीवीर होता. त्यानंतरही सतरा वर्षं गेली. २०१९ मध्ये ग्लासगोच्या डॉ. विली स्टुअर्ट यांच्या चमूने स्कॉटलंडच्या ७६७६ माजी व्यावसायिक फुटबॉलपटूंच्या नोंदी २३ हजारांहून अधिक सामान्य माणसांच्या नोंदींशी ताडून पाहिल्या. खेळाडू हृदयविकाराने कमी मरत होते. पण मेंदू झिजवणाऱ्या आजारांनी होणारे मृत्यू त्यांच्यात साडेतीन पट होते. २०२१ मध्ये त्याच चमूने खेळाडूंच्या जागेनुसार फोड केली. गोलरक्षकांचा धोका सामान्य माणसांच्या जवळपास निघाला. बचावपटूंचा जवळजवळ पाचपट. कारकीर्द जितकी लांब तितका धोका अधिक. १९६६ चा विश्वचषक जिंकणाऱ्या इंग्लंडच्या चार बचावपटूंपैकी रे विल्सन आणि जॅक चार्ल्टन या दोघांनी अखेरची वर्षं स्मृतिभ्रंशात काढली, ही गोष्ट या आकड्यांशेजारी ठेवून वाचली की अंगावर येते.

वर ज्या लांब कारकिर्दीचं मी इतकं कौतुक केलं, तिच्याकडे या अभ्यासानंतर त्याच आनंदाने पाहता येत नाही. वीस वर्षं खेळलेला स्टॉपर म्हणजे वीस वर्षांचे हेडर. खेळ सोडा असं मला कोणाला सांगायचं नाही. पण हे धोके सामन्यापेक्षा सरावात अधिक साठतात आणि सराव आपल्या हातात असतो. २०२० मध्ये इंग्लंड, स्कॉटलंड आणि उत्तर आयर्लंडने लहान मुलांच्या सरावातून हेडर काढून टाकले. २०२१ मध्ये इंग्लंडने व्यावसायिकांसाठीही आठवड्याच्या सरावात जोरदार हेडर दहापेक्षा अधिक नकोत अशी मर्यादा सुचवली. स्कॉटलंडने २०२२ मध्ये सामन्याच्या आदल्या आणि दुसऱ्या दिवशी सरावात हेडर बंद केले.

यातल्या कोणत्याही गोष्टीला महागडी यंत्रं लागत नाहीत. मडगावच्या मैदानावर, कूपरेजवर किंवा शाहू स्टेडियमवर बारा वर्षांच्या पोराला उभं करून वीस-वीस चेंडू डोक्यावर घ्यायला लावणं उद्यापासून थांबवता येईल. आणि हे सांगायला माणसंही आहेत. साळगावकरच्या बचावात वाढलेले डेरिक परेरा महिंद्र युनायटेड आणि पुणे एफसीचे प्रशिक्षक झाले. धेंपोच्या बचावात समीर नाईकसोबत उभा राहिलेला महेश गवळी राष्ट्रीय संघाचा सहायक प्रशिक्षक झाला. आयुष्यभर हवेतले चेंडू डोक्यावर झेललेली ही माणसं आहेत. सरावाच्या तक्त्यावर आठवड्याला किती हेडर हा आकडा लिहायला त्यांच्याहून अधिक अधिकारी कोणी नाही.